भीड

मराठीत काही शब्द असे आहेत, की ते उच्चारताच माणूस बरा वाटू लागतो. ‘भीड’ हा त्यांपैकी एक. ‘फार भिडस्त आहे हो,’ असे आपण एखाद्याविषयी म्हणतो, तेव्हा त्यात तक्रार नसते. थोडेसे कौतुकच असते. भिडस्त माणूस कुणाचे मन मोडत नाही, चारचौघांत वेडेवाकडे बोलत नाही, पंगतीत भाजी अळणी झाली तरी मुकाट्याने खातो. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण वाडवडिलांनी करून ठेवली आहे खरी. पण तिचा अर्थ आपण एवढाच घेतो, की भिडस्त माणूस स्वतःचे नुकसान करून घेतो. वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर मला या म्हणीत एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. भीड एकाची असते. भीक पुष्कळदा दुसऱ्याच्याच पदरी येते.

हे मला कसे उमगले, ते सांगायचे तर १९८८ सालच्या चैत्रात जावे लागेल.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आमचे घर सांगलीचे. सांगली म्हणजे हळदीची पेठ. जवळच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठवीत, आणि ती वर्षानुवर्षे किडीवाचून टिके. (२००५ च्या महापुराने त्यांतली पुष्कळशी पेवे निकामी करून टाकली.) अशा गावात हळदीकुंकवाला तोटा कसला? चैत्रगौर बसली, की महिनाभर कुठल्या ना कुठल्या घरून बोलावणे असायचेच. आंब्याची डाळ, कैरीचे पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. मोठ्या बायका गप्पांत रंगलेल्या असत आणि हळदकुंकू लावणे, अत्तर लावणे, गुलाबपाणी शिंपडणे ही कामे आम्हां मुलींकडे असत. त्या वर्षी पहिल्यांदाच आजीने माझ्या हाती चांदीची कोयरी दिली. मला आभाळ ठेंगणे झाले.

आमच्या घरचा चैत्र म्हणजे आत्याचा चैत्र. १९६४ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ती सासरहून परत आली ती कायमची. घरची वर्षाची हळद तीच कुटायची. त्या दिवसांत तिचे तळहात पिवळेधमक असायचे. कितीही धुतले तरी रंग जायचा नाही. गौरीपुढची आरास तिची, डाळीतले मीठ-तिखट तिचे, पन्ह्यातली वेलची तिची. ‘आत्या, आज डाळ काय झाली आहे!’ असे सांगायला आलेल्या बायका मुद्दाम स्वयंपाकघराच्या दाराशी जायच्या, आणि सांगून पुन्हा बैठकीत येऊन बसायच्या.

बैठकीतल्या सगळ्या बायका झाल्यावर, कुणी राहिले तर नाही ना, हे पाहत मी स्वयंपाकघरात गेले. आत्या पाटावर बसून द्रोणांत डाळ भरीत होती. मी बोट कुंकवात बुडवले आणि तिच्या कपाळाकडे नेले. चटका बसावा तशी तिने मान मागे घेतली. लगेच हसलीही. ‘मला नाही गं लावायचं, सोने. तू डाळ खा,’ असे म्हणून तिने एक द्रोण माझ्या हातात दिला. माझ्या बोटाला लागलेले कुंकू कुठे पुसावे, ते मला कळेना. शेवटी मी ते फ्रॉकला पुसले. मागे वळून पाहते तो दाराशी आजी उभी. आजी म्हणजे आत्याची सख्खी आई. तिने सगळे पाहिले होते. ती मला रागावली नाही. ‘चल बाहेर, बायका खोळंबल्यात,’ एवढेच म्हणाली. पण बोलताना तिने माझ्याकडे पाहिले नाही आणि आत्याकडेही पाहिले नाही.

आमचे घर दुष्ट नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. आजोबा आत्यावाचून जेवायला बसत नसत. भाऊबीजेला माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, तिच्यासाठी आईच्या आधी लुगडे निवडायचे. त्या दिवशी बैठकीत बसलेल्या वीस-पंचवीस बायकांपैकी एकेकीला बाजूला घेऊन विचारले असते, ‘हिला बाहेर बसवू का?’ तर मला खात्री आहे, बहुतेकजणी ‘बसवा की, आमचं काय जातंय!’ असेच म्हणाल्या असत्या. आणि तरीही त्या साऱ्याजणी मिळून तिला आत बसवीत होत्या. प्रत्येकीला वाटत होते, की आपली हरकत नाही, पण बाकीच्यांना काय वाटेल? बाकीच्या म्हणजे कोण? तर त्याच, एकमेकींकडे बघत बसलेल्या. रूढी टिकते ती दुष्टांच्या बळावर, असे मी लहानपणी समजत असे. दुष्ट माणसे कुठल्याही गावात थोडीच असतात. एवढ्या थोड्यांना एवढे मोठे ओझे वर्षानुवर्षे पेलणार नाही. ते पेलतात भली माणसे.

यावर कुणी म्हणेल, तो काळच तसा होता. आजच्या मापाने कालच्या माणसांना मोजू नये. हा युक्तिवाद मीही पुष्कळ वर्षे केला. पण शाळेत इतिहास शिकवू लागल्यावर तो मला पुरेनासा झाला. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते १८६३ सालचे. १८९० च्या सुमारास मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांचे केशवपन करायचे नाही, असे ठरवले. ज्या कामावर पोट भरायचे, त्याच कामाला त्यांनी नकार दिला. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी शारदा सदनात शिकत असलेल्या गोदूबाईंशी लग्न केले, तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात कुंकवाचे बोट अडले, त्याच्या पंचाण्णव वर्षे आधी ही माणसे होऊन गेली होती. त्यांची नावे आमच्या घरात आदराने घेतली जात. माप कालही होते. काळ कधी एकटा नसतो. एकाच काळात कर्वेही असतात आणि त्यांना वाळीत टाकणारे गावही असते. आपण कुणाच्या बाजूला बसलो, एवढाच प्रश्न उरतो. आणि भिडस्त माणूस नेहमी जिथे जास्त सतरंज्या अंथरलेल्या असतात तिथे बसतो.

कायद्याने तरी काय केले? १९५६ साली हिंदू उत्तराधिकार कायदा झाला. नवऱ्यामागे त्याच्या वाट्यावर बायकोचा पुरता हक्क त्याने मान्य केला. आत्या परत आली त्याच वर्षी तिचे दीर एक कागद घेऊन आले. हक्कसोडपत्र. आजोबा शेजारी बसले होते. आत्याने सही केली. पुढे पुष्कळ वर्षांनी मी तिला विचारले, ‘तू का केलीस सही?’ ती म्हणाली, ‘अगं, समोर बसलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? बाबाही काही बोलले नाहीत.’ आजोबा पुरुषोत्तम नव्हते, पण अन्यायीही नव्हते. व्याह्यांच्या भिडेने ते गप्प बसले. बापाच्या भिडेने ती गप्प बसली. आठ वर्षांपूर्वी दिल्लीच्या लोकसभेने जे दिले होते, ते आमच्या माजघरात एका सहीने परत गेले. २००३ साली आत्या वारली, तेव्हा तिच्या नावावर एक शिलाईचे यंत्र आणि पोस्टातले एक पुस्तक होते. ‘भीड एकाची, भीक दुसऱ्याची,’ असे मी वर म्हटले, ते हे.

इथवर लिहून थांबले असते, तर लेख सोपा झाला असता. लेखकाला दुसऱ्यांच्या चुका लिहायला फारसे कष्ट पडत नाहीत. पण माझी पाळी यायची होती.

२००९ साली अण्णा गेले. आई अधूनमधून माझ्याकडे राहायला येऊ लागली. २०११ च्या जानेवारीत माझ्या घरी संक्रांतीचे हळदीकुंकू होते. शेजारणी यायला लागल्या, तशी आई उठली आणि म्हणाली, ‘मी बाळाला झोपवते आत.’ माझा मुलगा त्या वेळी मुळीच झोपायला आलेला नव्हता. मला सगळे समजले. ‘तू बस इथे,’ एवढे तीन शब्द बोलायचे होते. मी बोलले नाही. आणि लिहायलाही लाज वाटते, पण लिहिते, दार लोटल्याचा आवाज आला तेव्हा मला हायसे वाटले. त्याच महिन्यात मी माझ्या एका कादंबरीचे शेवटचे प्रकरण लिहीत होते. तिच्यातली विधवा सून भर बैठकीत येऊन बसते. ते प्रकरण वाचून पुष्कळ वाचकांनी पत्रे पाठवली. ‘तुमच्या लेखणीत धैर्य आहे,’ असे एकाने लिहिले होते. लेखणीत होते खरे.

भिडेचा हा एवढा मोठा डोलारा कशावर उभा असतो, ते मी २०१९ च्या ऑगस्टात पाहिले. कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची खूण गाठली. आमचे तळमजल्याचे घर पाण्यात गेले. गावातल्या शाळा निवाऱ्याची ठिकाणे झाल्या, आणि मी, आई व आमच्याकडे दोन वर्षांपासून भांडी घासायला येणाऱ्या मावशी, अशा तिघीजणी एकाच वर्गाच्या फरशीवर झोपलो. एकाच पातेल्यातली खिचडी, एकच पाण्याचा पिंप, पाण्यात बुडवायला एकच पेला. कोण सवाष्ण, कोण विधवा, कोण कुठल्या वस्तीतली, हे त्या दिवसांत कुणी विचारले नाही, आठवलेसुद्धा नाही. शेकडो वर्षांच्या श्रद्धा म्हणून आपण ज्यांना जपतो, त्या श्रद्धा असत्या तर चार दिवसांच्या पाण्याने अशा वाहून गेल्या नसत्या. ती श्रद्धा नव्हती, नुसती भीड होती. पण पाणी ओसरले, आणि गाळ उपसून झाल्यावर तीही परत आली. ती माझ्याच घरी कशी परत आली, हे मला त्या वेळी दिसले नाही.

मग २०२२ चा मे महिना उजाडला. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा वारल्यावर बायकोचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे सारे गावात होऊ द्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याविषयी सांगितले. हेरवाड सांगलीपासून काही फार दूर नाही. बातमी वाचून मला आनंद झाला, आणि ठरावाचे मर्म काय, हेही मनाशी लख्ख झाले. नवी भीड घालणे, हे ते मर्म. एकट्यादुकट्याने पहिले पाऊल टाकायचे म्हणजे कर्व्यांची छाती हवी. ती सगळ्यांना कुठून असणार? पण गावाने एकत्र बसून हात वर केले, की पहिलेपणाची लाज सगळ्यांत वाटली जाते आणि वाट्याला येते ती थोडीथोडीच. मग उद्या बांगड्या फोडायला पुढे सरसावणाऱ्या बाईलाच चारचौघींची भीड पडते.

आता प्रश्न असा, की भिडेने तोंड फिरवले म्हणून आपण चांगले वागू लागलो, तर आपण चांगले झालो का? मी या प्रश्नाशी पुष्कळ झटले आहे. मला दोन उत्तरे सापडतात, आणि दोन्ही खरी वाटतात. जिच्या बांगड्या वाचल्या, तिच्या दृष्टीने त्या विवेकाने वाचल्या की लाजेने, याला काडीचे महत्त्व नाही; हात भरलेला राहिला, हेच खरे. पण आपल्या दृष्टीने महत्त्व आहे. कारण जे आपण केवळ वाऱ्याबरोबर केले, त्याचे श्रेय आपले नव्हे. आणि वारा आज ज्या कोपऱ्यात पोहोचलेला नाही, तिथे आपण अजून आजीसारखेच दाराशी उभे असणार, कुणाकडेही न पाहता.

हे शेवटले वाक्य मी अनुभवाने लिहीत आहे. हेरवाडच्या बातमीने उत्साहित होऊन मी २०२३ च्या संक्रांतीला सगळ्या बायकांचे हळदीकुंकू करायचे ठरवले. सवाष्ण, विधवा, कुमारिका, कुणी वगळायचे नाही. आईला सांगितले, ‘यंदा पहिलं कुंकू तुला.’ मला वाटले होते, तिच्या डोळ्यांत पाणी येईल. ती गहू निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, ‘चौदा वर्षांमागं पुसलं, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. आता लावायचं म्हणतेस, तेव्हाही कुणी विचारत नाही.’

मी गप्प झाले. थोड्या वेळाने तीच बोलली, ‘शाळेत जायला लागले तेव्हापासून कुंकू लावत होते मी. तेव्हा तुझे अण्णा कुठे होते? ते गेले म्हणून ते पुसायचं, हे मला कधी पटलंच नाही. पण तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणूनही मला लावायचं नाही. माझं मी बघेन.’

त्या दिवशी आई बाहेर येऊन बसली. तिने कुंकू लावून घेतले नाही; तिळगूळ घेतला, वाण घेतले, गप्पा मारल्या. सगळे झकास चालले होते. तीन विधवा बायका आल्या होत्या, आणि माझे मन अभिमानाने भरून आले होते. एवढ्यात आईने हात पुढे करून माझ्याकडून कोयरी मागितली. मला वाटले, आता ती लावणार. ती उठली आणि कोयरी घेऊन आत गेली. मी मागोमाग गेले.

मोरीशी मावशी बसून चहाचे कप विसळीत होत्या. एवढ्या सगळ्यांना बोलावणे केले होते. मावशींना करायचे मला सुचले नव्हते. त्यांना कप धुवायला बोलावले होते. आई त्यांच्यापुढे वाकली आणि म्हणाली, ‘बाई, लावू का?’

मावशींनी मान मागे घेतली. अगदी तशीच. मग म्हणाल्या, ‘मला कशाला आज्जी... आमचं मालक न्हाईत.’ नवरा गेल्यावरच त्यांनी घरकामे धरली होती, हे मला त्या दिवशी कळले. साडेपाच वर्षे त्या माझ्या घरी येत होत्या.

‘माझेही नाहीत,’ आई म्हणाली. ‘तुम्हांला हवं असलं तर लावते. नको तर नको.’

मावशी क्षणभर थांबल्या. ‘थांबा, हात वले हायत,’ म्हणून त्यांनी पदराला हात पुसले आणि कपाळ पुढे केले. मग त्यांनी कोयरीत बोट घातले आणि आईकडे पाहिले. आईनेही कपाळ पुढे केले.

गोष्ट इथे संपली असती, तर मी ती एखाद्या कादंबरीत घातली असती. पण मी सगळ्यांचा चहा ओतू लागले तेव्हा मावशी सवयीने उठल्या आणि ओट्याच्या टोकाला पालथा घातलेला निळा कप घेऊन आल्या. पुरात आमची सारी भांडी गेली होती. नवे कप मी स्वतः आणले होते: सहा पांढरे आणि एक निळा. निळा का, असे मला दुकानदाराने विचारले नाही, घरात कुणी विचारले नाही, मी स्वतःला विचारले नाही. मावशींची जातही मी कधी विचारली नव्हती. विचारायची वेळच आली नाही, कारण कप आधीच वेगळा होता. १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हा धडा मी दरवर्षी मुलांना शिकवते. शिकवून घरी येते आणि चहा करते.

‘मावशी, तो राहू दे. यातला घ्या,’ मी म्हटले.

‘असू द्या की. मला सवय हाय,’ त्या म्हणाल्या, आणि हसल्या. माझी पंचाईत होऊ नये, म्हणून हसल्या. भिडस्त माणूस दुसऱ्याचे मन मोडत नाही.

दुसऱ्या दिवसापासून निळा कप बाकीच्या कपांत गेला. आता तो कधी माझ्या वाट्याला येतो, कधी आईच्या. पण पुढे कितीतरी दिवस मावशी चहाच्या वेळी एकदा ओट्याच्या त्या टोकाकडे पाहायच्या, आणि मगच पुढे केलेला कप घ्यायच्या. माझी भीड मोडायला मला एवढी वर्षे लागली. त्यांची मोडायला किती लागतील, हे मी कोण ठरवणार?

दिवाळीच्या दिवसांत घरोघर ताटे भरली जातात, पाहुणे बैठकीत बसतात, आणि घर कसे भरल्यासारखे वाटते. मला आताशा एक सवय लागली आहे. सगळे बसले, की मी एकदा उठून स्वयंपाकघरात जाऊन येते. कोण आत राहिले आहे, ते पाहते. राहिलेल्या माणसाला हाताला धरून बाहेर आणायचे नसते, हे आईने मला शिकवले. त्याला विचारायचे असते.